जमदग्नीचा राग

आप्पा, काल चुलीपाशी माझ्या मुलीनं जमदग्नी ऋषींची गोष्ट सांग म्हणून हट्ट धरला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण ती गोष्ट अजून तुमच्याच आवाजात तोंडी येते. वडगावच्या घरी मागावर बसून तुम्ही ती सांगायचात. रेणुकेला नदीवरून पाणी आणायला उशीर झाला, ऋषी संतापले, मुलांना म्हणाले, आईचं शिर उडवा. थोरल्यांनी ऐकलं नाही, त्यांना शाप मिळाला. धाकट्यानं ऐकलं, आणि बाप वर माग म्हणाला तेव्हा आईचाच जीव परत मागितला.

मला मात्र वेगळाच दिवस आठवतो. माहेरच्या गावचा कुणी भेटला म्हणून आई विहिरीवर बोलत थांबली होती. तुमचा राग सगळ्या गल्लीला ठाऊक. ती आत येताच तुम्ही माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, म्हणालात, "हिला भाईर काढ आणि दार लाव."

अण्णा दारात आडवा उभा राहिला. "न्हाय काढणार, आप्पा. मला काय करायचं ते करा."

मी खांबाला धरून उभी आहे. आता शाप येणार. पण तुम्ही मट्‌कन खाली बसलात आणि आईला म्हणालात, "पाणी दे गं."

त्या दिवसानंतर तुम्ही कधी रागावला नाहीत. रेणुका उठली तेव्हा ऋषींनीही राग टाकला होता. पुढं राजानं त्यांची गाय ओढून नेली, राजाच्या पोरांनी त्यांचा जीव घेतला, तरी तोंडातून शाप निघाला नाही. एवढा भाग सांगताना तुम्ही माग थांबवायचात.

मग तुम्ही मला निपाणीला दिलंत. सासूनं तापल्या उलथन्यानं माझ्या हाताला डाग दिला, त्याच आठवड्यात तुम्ही भेटायला आलात. डाग बघितलात. सासू म्हणाली, "पोरीला काय वळण लावलं न्हाई तुमी." तुम्ही हात जोडलेत. "चुकलं असंल तिचं. सांभाळून घ्या." आणि निघालात. मागं वळून बघितलं नाहीत.

चार दिवसांनी अण्णा आला, अंगणात उभा राहून सासरच्यांना नको नको ते बोलला आणि मला घेऊन आला. तुम्ही दारात म्हणालात, "आलीस? लई बरं झालं." माझ्या हाताला खोबरेल लावताना तुमची बोटं थरथरत होती. ती कशानं, आप्पा? रागानं, की भीतीनं? पुढं नवऱ्यानं बेळगावात वेगळं बिऱ्हाड केलं, संसार चांगला झाला, पण हे कोडं सुटलं नाही. तुम्ही खरंच ऋषींसारखे शांत झाला होतात, की नुसते दमला होतात? आईला ज्या शांतीनं सुख दिलं, तिनंच मला त्या अंगणात टाकून दिलं. मी कुठल्या बाजूनं बोलू?

मुलीनं काल विचारलं, "राग सोडला, मग त्यांना का मारलं गं?" मी म्हणाले, "जेव आधी."

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून सांगते. माहेरी परतले त्या वर्षी आईबरोबर सौंदत्तीच्या डोंगरावर गेले होते. रांडाव पुनव होती, देवीच्या वैधव्याची. जमदग्नी गेले म्हणून यल्लम्माच्या, म्हणजे रेणुकेच्याच, नावानं बायका बांगड्या फोडत होत्या, रडत होत्या. आईही रडत होती. मी हात जोडून देवीला नवस बोलले, माझ्या बापाचा राग एका दिवसापुरता परत दे.