गोळी लागल्यावर आधी बसायचं

आबा, रानडुकराबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, आणि या विषयावर बोलण्याजोगं माणूस मला इथे दुसरं कोणी नाही. या परक्या शहरात, यिशुनला आम्ही राहतो त्या ब्लॉकपासून थोडं चाललं की तलावाकडे जाणारी पायवाट लागते. तिथे पाटी लावली आहे: रानडुक्कर दिसलं तर जवळ जाऊ नका, शांत राहा, हळूहळू मागे सरका. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा एकटीच हसले. तुमचं अर्धं शिक्षण सरकारनं पाटीवर लिहून टाकलंय. उरलेलं अर्धं यंदा माझ्या कामी यायला हवं होतं, ते काही वेळेवर आठवलं नाही.

तुमचा नातू, तुम्ही शेवटचं पाहिलात तेव्हा रांगत होता, आता तांजोंग पगार नावाच्या भागात एका बँकेत आहे. ईस्टरच्या दिवशी आमच्याकडे जेवायला पास्टर होते, आपल्या मराठी प्रार्थना-मंडळाची चार माणसं होती. जेवता जेवता त्यानं अगदी हळू आवाजात सांगितलं, की यापुढे तो चर्चला येणार नाही. विश्वास उरलेला नाही आणि उगाच बसून सोंग करवत नाही. मी गप्प राहू शकले असते. गप्प राहणं मला कधी जमलंय? सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, तू तुझ्या आजोबांच्या नावाला काळं फासलंस. त्यानं आपलं ताट धुतलं, जाळीत उपडं घातलं आणि गेला. पुढच्या आठवड्यात त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला, ईस्ट कोस्टला खोली घेतली. यांचं जहाज तेव्हा ब्राझीलच्या वाटेवर होतं. फोनवर म्हणाले, येईल परत, तू जरा दम धर.

मी कसला दम धरते. रोज सकाळी मी त्याला शास्त्रातलं एक वचन पाठवायची, तो उठायच्या आत. रविवारी उपासना झाली की एमआरटीची लोकल, मग बस, आणि डबा त्याच्या कॉन्डोच्या, म्हणजे इमारतीच्या, गार्डकडे ठेवून यायचं. पास्टरांना त्याच्याकडे धाडलं. त्याच्या मित्राच्या आईला फोन केला, तोही दोनदा. एका रविवारी तो खाली आला, डबा हातात घेतला आणि म्हणाला, "ममा, यू एव्हरीव्हेअर लाह. आय कान्ट ब्रीद." नंतर मित्राच्या आईकडूनच कळलं, की त्यानं लंडनच्या ऑफिसात बदली मागितली आहे. घरातून ईस्ट कोस्ट, तिथून लंडन. त्या दिवशी मी घाबरले, आबा. पोरगा आता कायमचा जातोय असं वाटलं.

मी सातवी-आठवीत असेन. तुम्ही आठवडाभर मिशनच्या शाळेत मास्तर, पाळकसाहेब आले नाहीत त्या रविवारी उपदेशक, आणि पिकं राखायला तुमच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक. मुलीला रानात कशाला नेता म्हणून आई कुरकुर करायची आणि डबाही तीच बांधून द्यायची. नुकतं उजाडलंय. रताळ्याच्या रानाच्या कडेला आपण दोघं दबून बसलोय. बार होतो, डुक्कर गुडघ्यावर येतं, पुन्हा उठतं आणि जाळीत घुसतं. मी ताडकन उठते. तुम्ही माझ्या फ्रॉकला धरून मला खाली बसवता आणि चंची काढता.

"बस. जनावर जखमेनं लांब जात नाही. आपल्या पावलांच्या आवाजानं जातं."

आणि तुम्ही पान खाल्लंत, ते संपूर्ण, सुपारीचा शेवटचा खडा चघळून होईपर्यंत. मी आतून जळत होते. मग माग काढायला निघालो. माझं काम एवढंच, की रक्ताचा शेवटचा ठिपका असेल तिथे उभं राहायचं आणि तुम्हाला पुढचा सापडेपर्यंत हलायचं नाही. तुम्ही वाकून पुढे शोधत होता, तेवढ्यात मला बाजूचं झुडूप हललेलं दिसलं आणि मी धावले. ते कसलंसं पाखरू होतं. मागे वळले तर माझ्याच पावलांनी सगळं तुडवलेलं, ठिपका कुठे होता ते मलाच सांगता येईना. तुम्ही हात उगारला नाहीत. म्हणालात, "आता ते एकटं तडफडत पडेल, आणि ते आपल्यामुळे." मी रडले. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता, डबाही संपला होता. पण जखम ज्यानं केली त्यानं सोडून जायचं नसतं, असं तुमचं म्हणणं. आपण पुन्हा रताळ्यांपर्यंत मागे गेलो आणि पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात केली. दिवस कलताना ते ओढ्याच्या काठाखाली सापडलं, जिवंत. दुसरा बार काढायच्या आधी तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललात. काय, ते मी कधी विचारलं नाही.

त्या रविवारी पाळकसाहेब आले नव्हते. तुम्ही हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेतलीत आणि म्हणालात, की शास्त्रात लिहिलेलं नाही, पण मेंढपाळ शहाणा असेल तर आधी घटकाभर बसला असणार. मंडळी हसली. माझ्याकडे बघून कोणी हसलं नाही, तरी माझे कान तापले.

तुमच्या शिकवणीत एक अडचण आहे, आबा, ती तेव्हा मला कळली नाही. आपण त्या डुकराला मारायलाच शोधत होतो. पोटच्या पोराला कोणी तसं शोधत नाही, असं मी म्हणणार होते. पण मग त्या सकाळच्या वचनांचा विचार केला. त्यातलं एकही मी साधं, सहज म्हणून पाठवलं नव्हतं. प्रत्येक नेम धरून पाठवलं होतं.

पुढे मी पाठवणं बंद केलं. डबेही बंद. काही आठवडे तसेच गेले, आणि एका सकाळी त्याचाच मेसेज आला: "ममा, टुडे ऑल्सो नो व्हर्स. यू सिक आह?" मी बरी आहे, एवढंच लिहिलं. त्याच्यापुढे बरंच लिहिलं होतं, ते पुसलं.

गेल्या रविवारी तो सकाळीच दारात. मी साडी नेसून, बायबल पिशवीत घालून निघाले होते. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि पोहे भिजवले. तो खात असताना म्हटलं, "त्या दिवशी आजोबांचं नाव घेऊन मी तुला मारलं. चुकलं माझं." तो मान वर न करता म्हणाला, "येस. यू डिड." मग आणखी पोहे घेतले. बदली पक्की झाली आहे, पुढच्या महिन्यात जातोय. जाऊ नकोस असं मी म्हटलं नाही, आणि ते न म्हणणं मला फार जड गेलं. निघताना बूट घालता घालता तो मराठीत बोलला, तुमच्याइतकं नाही पण बोलला. "तिकडे पण मेसेज कर. वचन नको. जेवलास का, तेवढं विचार."

दार लावून घेतलं आणि तिथेच उभी राहून मी रडले.

परवा प्रार्थना-मंडळात सगळ्यांनी विचारलं, तर मी ऐटीत सांगितलं, की माझ्या वडिलांनी मला थांबायला शिकवलं होतं. बायकांनी माना डोलावल्या. हे कागद तुमच्यापर्यंत पोचायचे नाहीत, म्हणून इथे खरं लिहिते. मी तुमचं आठवून थांबले नव्हते, आबा. थकले होते. तुम्ही मला नंतर आठवलात.