चार टायर नवे, पाचवा झाकलेला

स्विफ्ट कौंटी, मिनेसोटा
जुलैचा दुसरा सोमवार

आदरणीय व्हर्लिन दाजी यांस,

अर्लेनचा नमस्कार. देवाच्या दयेने इकडे सगळे बरे आहोत. तुमचा नवा खुबा काय म्हणतो, आणि जोलीनताईच्या बटाट्यांना यंदा कीड लागली का, ते कळवावे. हे फोनवर विचारता आलं असतं; पण फोनवर तुम्ही आणि मी हवामानाच्या पुढे कधी गेलेलो नाही (मागच्या खेपेला अकरा मिनिटं बोललो, त्यातली नऊ गारांवर).

पत्राला तसं कारण काही नाही. ईस्टरच्या जेवणात तुम्ही विचारलंत, ट्रेलरचे टायर एकदा बघून देऊ का. मी म्हणालो, नको, कशाला त्रास. तुम्ही पुन्हा विचारलंत, मी पुन्हा नको म्हणालो. आता तुम्ही तिसऱ्यांदा विचारणार आणि मी 'बरं, वेळ असेल तर' म्हणणार, एवढ्यात ताईने केक आणला आणि विषय केकवर गेला. तुमचा दोष नाही. पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो हावरट, हे आपल्याकडे चालता येण्याआधी शिकवतात. म्हणून मग टायरची विद्या मी एकट्यानेच मिळवली, आणि सांगायला हरकत नाही, चांगली मिळवली.

तुम्ही जाणताच की बारा ऑगस्टला इंगामावशी नव्वद वर्षांची होते. आई शहाऐंशीची. दोघींनी सहा वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. मावशीच्या ब्लॅक हिल्सपर्यंतचे चारशे मैल आईची पाठ गाडीत बसून सोसणार नाही. दर तासाला थांबून आडवं व्हायला तिला पलंग लागतो, तोही स्वतःच्या उशीसकट. म्हणजे बाबांचा, आत पलंग असलेला ट्रेलर पिकअपमागे जोडून काढणं आलं. तो धड पोचला तर बहिणी भेटतील. नाही पोचला, तर पुढची भेट ज्याच्या हातात आहे त्याला मी रोज सकाळी आठवण करतोच आहे.

तर टायर. वरून पाहिलं तर चारही नव्यासारखे, नक्षी अगदी शाबूत. मीही फसलो असतो. पण ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, म्हातारा होऊन मरतो. त्याच्या कुशीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते नेमके आतल्या बाजूला निघाले, म्हणून मी पोटावर सरपटत खाली गेलो. आकडे होते ३५०९. आई कॉफी घेऊन बाहेर खुर्चीवर बसली होती. मी खालूनच ओरडलो, "दोन हजार नऊ, ऑगस्टची अखेर!" आई म्हणाली, "त्या आठवड्यात मी काकडीचं लोणचं घातलं होतं. ते आज खाशील का?" (आईच्या प्रत्येक बरणीवर तारीख असते, हे तुम्ही जाणता.) मी म्हणालो, नाही. "मग त्याच्यावर बसून मला कुठे नेतोस?" मी चारही बाद ठरवले.

मग गावच्या धान्यगोदामातल्या वजनकाट्यावर ट्रेलर नेला, कारण वजन कळल्याशिवाय टायर निवडणं म्हणजे पाय न मापता बूट घेणं. पुढे मागे मक्याचे ट्रक. काट्यावरच्या डेलने खिडकीतून विचारलं, "काय आणलंस? सोयाबीन?" मी म्हणालो, "आईचा पलंग." "ओलावा किती?" म्हणाला. (धान्याला विचारतो तेच. डेल असाच आहे.) टायरवाल्या रोलँडचं मत होतं की मोटारीचे टायर स्वस्त पडतील. मी त्याला शांतपणे समजावलं की ट्रेलर स्वतः वळत नाही, फरफटत वळतो, तेव्हा टायरची कूस ताठ हवी. ट्रेलरचेच घेतले, वजनाच्या एक पायरी वरचे, याच वर्षी बनलेले, आणि तारीख बाहेरच्या बाजूला येईल असे बसवून घेतले. हवा पहाटे, टायर गार असताना भरतो. ताशी पासष्ट मैलांच्या वर वेग नेत नाही.

चर्चमध्ये पुरुषांच्या न्याहारीला मी यावर चार शब्दही बोललो. माणूस कामाने झिजून जातो त्याहून अधिक वेळा एका जागी उभा राहून आतून वाळतो, आणि वरची नक्षी पाहून कुणाला कळत नाही, असं काहीसं. न्याहारीनंतर सहा जण आपापल्या ट्रेलरखाली शिरले. इतकी माणसं एकदम गुडघ्यावर आलेली पास्टरांनीही पाहिली नव्हती.

परवा आईला घेऊन पन्नास मैलांची चाचणी केली. परतताना एका नव्या टायरमध्ये बोल्ट घुसला. यात टायरचा दोष नाही. मी अजिबात डगमगलो नाही. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, मागे होताच, ताईने शिवलेल्या त्या सुंदर कापडी कव्हरात, ज्यावर तिने 'देव मागूनही येतो' असं भरतकाम केलंय. ते कव्हर बाबांच्या वेळेपासून कुणी काढलेलं नव्हतं. अशा ओळीखाली डोकावून बघणं बरं दिसत नाही. मी काढलं. आत तीनच आकडे. दोन हजार सालाच्या आधी तीनच छापायचे, दाजी. रबराला सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा.

एक बाई थांबल्या, "मदत हवी?" मी म्हणालो, "नको, नको, चाललंय आमचं." त्या खरंच गेल्या (नंबरप्लेट परराज्यातली). मग एक शेतकरी थांबला. त्याने दोनदा विचारलं, तिसरं त्याच्या ओठावर आलेलं मी पाहिलं, तेवढ्यात त्याच्या मागच्याने भोंगा वाजवला. तिसरी गाडी थांबली तशी आईने आमच्या पिकअपची काच खाली केली आणि त्या माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली, "हो." मग माझ्याकडे वळून, "तीनदा विचारून घ्यायला मला आता वेळ नाही." तो माणूस चाक रोलँडकडे नेऊन, भोक बुजवून तासाभरात परत आला. आईने त्याला डब्यातली लिंबाची वडी पुढे केली. दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा घेतली. सज्जन माणूस.

एकूण, टायरची बाजू आता पक्की आहे. काळजी नसावी. ताईस नमस्कार.

आपला,
अर्लेन

ता. क. पाचवाही नवा घेतला. कव्हर पुन्हा चढवलंय, पण आता त्याला बाजूने चेन लावली आहे. ताईला सांगू नये.

ता. क. २. आई म्हणते, व्हर्लिनने पाचही टायर बघितल्याशिवाय मी गाडीत चढणार नाही. मला याची गरज दिसत नाही. तरी शनिवारी नऊपासून कॉफी तयार असेल. तुम्ही ईस्टरला दोनदा विचारलं होतंत, एवढंच सुचवतो. सहज इकडून जात होतो म्हणालात तरी चालेल (आमचा रस्ता आमच्याच अंगणात संपतो, पण आई ते धरून बसणार नाही).

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी आईने पत्र वाचायला घेतलं. खालची ओळ तिची आहे.

जावईबापू, शनिवारी या. हे मी एकदाच सांगते आहे.