मामांच्या मडक्यातला कापूस

अकोला, ता. ९ मार्च १९५८

आठ दिवस लिहायचं टाळलं, पातूरची लेणी पाहायचीही राहिली. आज लिहितो, कारण हाताचा वास जाऊन नाही राहिला. मामांनी मुंबईहून समुद्रातले पाच मासे आणले. आपली विहीर खारीच, जगतील म्हणे. चार मेले. उरलेल्यासाठी मामांनी काचपेटीवर पाणी गाळायला तीन मडकी रचली : वाळू, कोळसा, कापूस; अन् मासा माझ्यावर सोपवून गावाला गेले. आज कापूस पिळला तर नुसती सडकी लाळ. शी. त्यातूनच पाणी गाळून राहिलो होतो. कोळशालाही तीच लाळ, म्हणून वाळूचं ठेवून बाकी दोन मडकी फोडली. मामी म्हणाली, "मासा मेला तं हे तुले घरात ठेवतीन काय?" तीनदा साबण लावला, वास तसाच. मासा मघापर्यंत वर तोंड काढून होता, आता तळाशी गेला. बरं की वाईट, कळत नाही. दारात टांगा थांबला. मामा उद्या येणार होते, आजच आले.