झुकिनीची वेळेवर काळजी

१२ एप्रिल, सकाळी ७
मागच्या अंगणात पाच कुंड्या भरल्या. हिने जपून ठेवलेल्या झुकिनीच्या पाच बिया, कुंडीत एक एक. वीस मिनिटांत काम संपलं. ही अख्खी सकाळ घालवायची.
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आईच्या शेवटच्या बिया आहेत, मला पाठवा, मी लावते. तुमच्या हातून कॅक्टससुद्धा मेलाय. मी म्हटलं, बस डेपोत एकतीस वर्षं वेळापत्रकं बसवली, पाच रोपं जड नाहीत. एक फळ पिकवतो आणि तुला नव्या बियाच देतो.
दर वेळी कॅक्टस काढायची गरज नाही.

१३ एप्रिल
पाण्याचं वेळापत्रक केलं. सहा, दहा, दोन, सहा. दारामागे चिकटवलं.

२४ एप्रिल
तीन उगवल्या, दोन कुजल्या. मुळात कमजोर असणार. वेळापत्रकात दोष नाही. तरी दहा आणि दोनची फेरी रद्द.

९ मे
पानं तळहाताएवढी. शेजारच्या नर्सबाई, आता रिटायर, कुंपणावरून म्हणाल्या, भाऊ, पाणी मुळाशी घाला हो, पानांना आंघोळ कशाला? मी हसलो. मग म्हणाल्या, वहिनी असत्या तर हरखल्या असत्या. काम आठवलं म्हणून आत आलो.
फक्त नोंद म्हणून: हिच्या वेळी डॉक्टर उशिरा भेटले. घरून दिरंगाई झाली नव्हती.

२८ मे
फुलं आली. पिवळी, मोठी. मुलीला फोटो पाठवला. कॅक्टसचा उल्लेख नाही.

२ जून, सकाळी ६.३०
काही फुलांच्या मागे सूज. हिरवी, बोटाएवढी, टणक. दाबून पाहिली. बाकीच्यांचे देठ सरळ, बारीक. सूजवाली एकूण सात.
थांबून बघू म्हणणाऱ्यांतला मी नाही. कात्री उकळून घेतली आणि सातही कापली. मग कात्री पुन्हा उकळून ठेवली.
वेळीच उपाय केला. या वेळी.

३ जून
फुलं टाकताना नर्सबाईंनी पाहिली. आधी पोट धरून हसल्या. अहो भाऊ, सूज कसली, तीच तर झुकिनी! मागे फळ असतं ते मादीफूल, सरळ देठाचं ते नर. मी म्हटलं, माहीत आहे, छाटणी केली. त्या म्हणाल्या, फळांची?
मग माझ्या तोंडून निघून गेलं, सूज दुखत नसली तरी थांबायचं नसतं ना? त्या हसायच्या थांबल्या. हळूच म्हणाल्या, येतील हो पुन्हा.

७ जून
मुलीने विचारलं, फळ धरलं का? दोन, म्हटलं. ती इतकी खूश झाली की तिसरंही सांगून टाकलं. अठ्ठावीसला बघायला येते आहे. एकवीस दिवस आहेत. भरपूर.

१५ जून
एका झाडाच्या पानांवर पांढरी धूळ. फडकं ओलं करून पुसली. मग त्याच फडक्याने बाकीच्या दोन झाडांचीही, म्हणजे भेदभाव नको.

१८ जून
धूळ तिन्ही झाडांवर. पुन्हा पुसली. नर्सबाई ओरडल्याच. भाऊ, तो रोग आहे, घरोघर प्रसाद वाटावा तसा वाटताय तुम्ही! फवारणीचं औषध आजच्या आज आणा. म्हटलं, रविवारी बाजारात जाणारच आहे.

२२ जून, रविवार
औषध आणलं. बाटलीवर लिहिलंय, लक्षण दिसताच फवारावे. झाडं माना टाकून पडली आहेत. तरी फवारलं.

२८ जून
मुलगी आली. चपला न काढता मागे गेली. परत आली. तीन फळं कुठायत बाबा? नव्हतीच, म्हटलं. होती ती मी कापली. का? म्हटलं, सूज वाटली.
ती पायरीवर बसली. चपला काढून बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, आईने गाठ दाखवली तेव्हा मी त्याच खोलीत होते. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?
आठवतं. डेपोचं नवं वेळापत्रक लागू होऊ दे, मग डॉक्टरांना दाखवू. लागू व्हायला चार महिने लागले. वेळापत्रक माझंच होतं. डॉक्टर उशिरा भेटले नाहीत.
हे सगळं तिला सांगितलं. पहिल्यांदाच. तुम्ही बिया मला द्यायला हव्या होत्या, एवढंच म्हणाली. संध्याकाळच्या गाडीने गेली. थांबणार होती दोन दिवस.

२९ जून
विशेष काही नाही. कुंड्या रिकाम्या केल्या, माती कुंपणाशी ओतली. नर्सबाई अंगणात होत्या. कालचे कपडे धुतले. दोन शर्ट, एक पँट, एक टॉवेल. पिळून वाळत घातले.