कुरिअरचं पदक

मंगळवार, ३ फेब्रुवारी

तालिबचं पदक निश्चित! त्याचे प्रशिक्षक रंगनाथ सर, त्यांनीच स्पर्धेच्या ठिकाणाहून दुपारी फोन करून सांगितलं. हेवीवेटमध्ये सातच जण उतरलेत. सोडतीत तालिबला बाय मिळाली — पहिली लढत नाहीच, थेट उपांत्य फेरी. आणि बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही ब्राँझ. धाकट्या भावाची बातमी आमच्या पेपरात मीच लिहिली. 'पुण्याच्या तालिबचे पदक निश्चित.' न लढता, हे दुसऱ्या परिच्छेदात.

अम्मी रडली. अब्बांनी मंडईतल्या गाळ्यावर येईल त्याला संत्रं सोलून दिलं म्हणे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

अब्बांचं एक नेहमीचं गिऱ्हाईक पेरू दाबून बघत म्हणालं, "अहो जब्बारभाई, न खेळताच पदक? मग पोराला विमानाने कशाला धाडलंत? कुरिअरने मागवायचं!" आजूबाजूचे सगळे गाळे हसले. अब्बाही हसले. तिथेच थांबले असते तर! संध्याकाळी फोनवर त्यांनी हा विनोद तालिबलाच सांगितला.

तो हसला नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

तालिबचा फोन. आवाज दबका. "आपा, डाव्या डोळ्यात खालून काळी सावली वर चढतेय. सरावात ठोसा बसला ना, तेव्हापासून."

शेफालीला विचारलं. शाळेपासूनची मैत्रीण, डोळ्यांची डॉक्टर. "डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय, शाइस्ता. त्याला उडीसुद्धा मारू देऊ नकोस. एक फटका बसला की डोळा गेला."

पुन्हा त्याला फोन. माघार घे, ब्राँझ तुझंच आहे!

"ते कुरिअरचं? नको मला."

निदान तिथल्या डॉक्टरांना तरी सांग.

"म्हणजे ते बसवतील मला बाहेर. तूही बोलायचं नाहीस. बोललीस तर मी तुझा कोणी नाही."

लढतीआधीची तपासणी म्हणजे नाडी, रक्तदाब, डोळ्यांवर टॉर्च. त्यात हा पास होणार. इतकी वर्षं बघतेय मी.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

उद्या लढत. कोणालाच सांगितलेलं नाही. पान लावलं, मथळे दिले, वेळेत सोडलं. हात चालतात, बाकी काही चालत नाही. अम्मी विचारते, कुठल्या चॅनलवर दाखवणार गं?

शनिवार, ७ फेब्रुवारी, सकाळ

नाही राहवलं. मंडईत जाऊन अब्बांना सांगितलं. त्यांनी हातातलं फळ खाली ठेवलं. तालिबला फोन लावला — बंद.

"मीच ते कुरिअरचं बोललो त्याला," म्हणाले. पुन्हा तेच. मग म्हणाले, "तू रंगनाथना लाव. नाव माझं सांग, तुझ्यावर नको यायला."

लावला. नाव माझंच सांगितलं.

"अगं, आत्ताच फिट ठरलाय तो!"

"टॉर्चने पडदा दिसत नाही, सर."

"ग्लोव्ह्ज घालून बसलाय तुझा भाऊ. तुझ्या शब्दावर उठवू त्याला?"

"उठवा."

दुपार

तालिबची वैद्यकीय कारणास्तव माघार. चार ओळी. त्याही मीच लिहिल्या. वेबसाइटवर खाली वाचकांचं सुरू — 'घाबरला वाटतं!' 'पार्सल पोचलं का?' खरं कारण लिहायचा हक्क मला नाही. तो माझा फोन कट करतो. अम्मी माझ्याशी बोलत नाही. अब्बांनी गाळा लवकर बंद केला.

डोळा वाचला का, तेही कोणी सांगत नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

रंगनाथ सरांचा फोन. डाव्याचा पडदा अर्धा सुटलाय. आणि उजव्यातही चीर सापडली — ज्या डोळ्याच्या भरवशावर तो रिंगमध्ये उतरणार होता, त्यात! उद्या सकाळी तिथेच ऑपरेशन. नंतर पालथं झोपायचं, डोळ्यांवर पट्ट्या.

माझं नाव काढलेलं चालत नाही त्याला अजून.

शुद्धीवर आला की सर फोन त्याच्या कानाला लावणार आहेत. पलीकडे कोण आहे, ते सांगणार नाहीत.