बाबांचं गप्प पोट

मोक्पो, ३ नोव्हेंबर १९८६

सौ. सनह्वाताईस,
सा. न. वि. वि.

वॉर्डातून फोन केला की सहाही खाटा कान टवकारतात, म्हणून ही चिठ्ठी ग्वांगजूच्या बसवाल्याकडे देते आहे. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालंय. बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन नीट झालं, पण इथली रीत तुला ठाऊकच आहे: वारा सरल्याशिवाय पेज नाही. मामी, शेजारच्या खाटेवरचे आजोबा, भेटायला येणारे चर्चवाले, जो तो विचारायचा, सरला का? सर्वांत जास्त मीच. काल बाबांनी डोळे मिटून होकाराची मान हलवली. मी धावत जाऊन नर्सला सांगितलं, वॉर्डाने टाळ्या वाजवल्या आणि पेज आली.

ते खोटं होतं, ताई. खाल्लेलं सगळं उलटून पडलं, पोट तट्ट फुगलं, आता नाकात नळी आहे. खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारे आपले हेडमास्तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. दोन-तीन दिवसांत आतडं हललं नाही तर पुन्हा पोट उघडणार म्हणतात. काय करू?

तुझ्या मायेच्या भरवशावर असलेली,
मिरान

ग्वांगजू, ४ नोव्हेंबर

चि. मिरानला अनेक आशीर्वाद.

रडूबाई, आधी डोळे पूस. लाज मलाही वाटते आहे. कॉलेजात नर्सिंगच्या मुलींना हेच शिकवते, आणि फोनवर पहिला प्रश्न मीही तोच विचारला! हाताला उचल म्हटलं की तो उचलतो. आतड्याचा स्नायू आपल्या हुकमातला नाही. त्याच्या पेशी मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळत्या. त्यांचा एक थर आतड्याभोवती गोल, दुसरा लांबीने. एक पेशी आवळली की शेजारणीला लगेच कळतं, आणि लाट पुढे सरकते. ती चालवणारं नसांचं जाळंही आतड्याच्या भिंतीतच असतं. मेंदू लांबून जरा सैल, जरा घट्ट करतो, एवढंच. सर्जनचा हात लागला की हा स्नायू रुसून बसतो. त्यात भीती, संकोच आला की मेंदूकडच्या नसा त्याला आणखी दाबून धरतात.

तेव्हा विचारणं बंद कर. मामीला घरी पिटाळ. बाबांना हळूहळू चालव आणि हवापाण्याच्या गप्पा मार.

जपून राहा, आणि ताईवर रागावू नकोस.
सनह्वा

मोक्पो, ६ नोव्हेंबर

चि. सनह्वास अनेक आशीर्वाद.

मिरान आता काही विचारत नाही. मला धरून चालवते आणि यंदा पर्सिमनची फळं कशी गोड निघाली ते सांगत राहते. आज एक्स-रेला खाली जाताना भरल्या लिफ्टमध्ये माझा वारा सरला, चांगला मोठ्याने. मिरानने झटकन वाकून माफी मागितली आणि ‘माझ्याकडून झालं’ म्हणाली. लग्नाची पोर! शेजारी वॉर्डातली नर्स उभी. आणि मी, तुझा बाप, मजल्यांचे आकडे बघत राहिलो. खोटी मान हलवली तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती.

डॉक्टर आले आणि उद्या पुन्हा उघडू म्हणाले. तेव्हा सहाही खाटांसमोर उठून बसलो आणि सांगितलं की ते माझं होतं, पोरीने माझ्यासाठी अंगावर घेतलं. नर्स म्हणाली, आजोबा, एकदा फसवलंत तेवढं पुरे. मिरानने शपथ घेतली, तर तिलाही म्हणाली की लिफ्टमध्ये तर तूच कबूल झालीस.

डॉक्टरांनी माझ्या पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ आतली गुरगुर ऐकत राहिले. मग नाकातली नळी काढायला लावली आणि पेज सांगितली. विश्वास माझ्यावर नव्हता, पोटावर होता. मिरान चमच्याने भरवत होती. मला तिच्याकडे मान वर करून बघवलं नाही.

असा बाप असला तरी तुम्ही दोघी माया पातळ होऊ देऊ नका.
तुझे बाबा