काजाची उलटी गाठ

सोमवार, ४ नोव्हेंबर

पाठ गेली आज. बारा कोट कापले. त्यात मालकीणबाईंनी भिंतीवर फोनची नवी यादी चिकटवली आणि "ताई, लक्ष तुम्हीच ठेवायचं" म्हणून मोकळ्या झाल्या. बरी मीच सापडते! दुकानाचा फोन एक, आम्ही सात जणी. जिच्या हाताला लागेल ती गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकते, जी रिकामी असेल ती उत्तर देते. कुणी काय लिहिलं याचा पत्ता नाही. ग्रुपमध्ये तरी कोण कोण आहे, देव जाणे. एकाने दुसऱ्याला घेतलं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

यादी अशी — कुणाचा चेहरा नको, कुणाचं नाव नको, फोटोत मागची खोली नको. सगळं काजवालीसाठी. तीन महिन्यांपूर्वी बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेच्या बाई तिला आणि तिच्या लेकीला आमच्याकडे घेऊन आल्या. मनगट प्लास्टरमध्ये. नवऱ्याने मोडलेलं. तो अजून शोधतोय, त्याला ती सापडता कामा नये. मायलेकी मागच्या खोलीत राहतात.

घरी माझ्या लेकीला सांगितलं तर पोट धरून हसली. "आई, तू? तुझ्याच फोनचा पासवर्ड मी सांगते तुला!" हसा.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

राखाडी कोट तयार झाला. काजं अशी उतरलीत की नजर हटेना. एवढ्या वर्षांत असा हात पाहिला नाही. मी अगदी जवळून फोटो काढून ग्रुपवर टाकला — नुसतं कापड आणि काजं. चेहरा नाही, नाव नाही, खोली नाही. नियमात चोख!

दुपारी एकाने वेगळा मेसेज केला, हाताची काजं कोण करतं? मी लिहिलं, नवीन बाई आल्यात आमच्याकडे, फार सुंदर हात आहे. त्याला कोट शिवायचाय म्हणे. पत्ता पाठवला. चला, एक गिऱ्हाईक वाढलं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

गुडघा. चष्मा दिवसभर शोधला. डोक्यावर होता.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

काय लिहू.

सकाळी त्या फोटोखाली कुणीतरी लिहिलेलं: "शेवटची गाठ उलटी मारली आहे. हे शिकवल्याशिवाय येत नाही." इस्त्रीवाल्या मावशींनी कौतुक म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं. काजवालीने सुई खाली ठेवली.

"ही गाठ त्याने शिकवलीय मला," ती म्हणाली.

नवरा शिंपी आहे तिचा. आम्हाला माहीत होतं आणि तरी डोक्यात आलं नाही! काज संपलं की आम्ही सगळ्या गाठ सुलटी मारतो, ती आतून फिरवून उलटी मारते. आम्ही तर एकमेकींचा टाका दाराशी उभ्या राहून ओळखतो. शिवण वाकडी गेली की कुणाची ते विचारावं लागत नाही. चेहरा लपवला, नाव लपवलं, आणि तिचा हात गावभर दाखवला.

मग मालकीणबाईंनी फोन चाळला. पत्ता गेलेला दिसला. नंबर त्या गाठीबद्दल लिहिणाऱ्याचाच. "हे कोणी लिहिलं?" सगळ्या गप्प. मीही गप्प. मावशींना ग्रुपवर गप्पा मारायची हौस, म्हणून सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे गेल्या. मालकीणबाई त्यांना वाट्टेल ते बोलल्या. मी कात्री पुसत बसले.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

 पोलीस चौकीत कळवलंय, आला तर फोन करा म्हणाले. संस्थेच्या बाई म्हणाल्या, दुसरी जागा अठरा तारखेला रिकामी होईल, तोवर सांभाळा. अठरा! मावशींनी डबा एकटीने इस्त्रीपाशी खाल्ला. इस्त्री मात्र माझ्या कोटांना नेहमीसारखीच झाली.

मला लाज वाटते.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. पत्ता मी दिला, नवीन बाईही मीच लिहिलं.  काजवालीकडे बघवेना. ती लेकीची वेणी घालत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मावशींनीच तोंड उघडलं. म्हणाल्या, लक्ष ठेवायचं काम आपण ताईंच्या गळ्यात मारलं आणि हात झटकले. तो फोटो मी पण पाहिला, तू पण पाहिलास, खाली पसंतीचे अंगठे टाकले सगळ्यांनी. मग काजवालीकडे वळल्या.

"तुझा हात आता लपायचा नाही. मग तोच हात आम्हा सगळ्यांना दे."

सोमवारपासून प्रत्येक कोटाला हीच गाठ. तो आला तर कुठलं काज कुणाचं, हे त्याला कळता कामा नये.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बोटांची चाळण झाली. आतून फिरवायचं, अंगठ्याने दाबायचं, मग ओढायचं. चाळीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे चेष्टा आहे का? काजवाली माझा हात हातात धरून शिकवते. तेच मोडलेलं मनगट. आज म्हणाली, "ताई, जमतंय तुम्हाला." मला रडूच आलं. चिंध्यांवर साठ काजं केली असतील. शेवटची दहा तरी बरोबर.

बुधवार, १३ नोव्हेंबर

अकरा कोट तयार. सगळ्यांना उलटी गाठ. दारात सावली पडली की सगळ्यांची पाचावर धारण. कुरिअरवाला होता.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आला.

मला वाटलं होतं कुणी दांडगट असेल. साधा माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. काजवाली आणि लेक मागे, दाराला आतून कडी. मालकीणबाई चौकीला फोन लावून उभ्या, तो उचलला जाईना.

कोट बघतो म्हणाला. अकराही कोट चाचपले, एकेक काज उलटून पाहिलं. पुन्हा पाहिलं. गोंधळला! मला दिसत होतं. मग सातव्या कोटापाशी थांबला आणि तिच्याच काजावर बोट ठेवलं.

"हे कोणाचं?"

"माझं," मी म्हणाले. आवाज कुठून आला कोण जाणे.

"करून दाखवा."

चिंधी घेतली, बसले. तो डोक्यावर उभा. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. सुई दोनदा निसटली पण काज पुरं केलं. त्याने चिंधी उचलली, उजेडात धरली, परत टेबलावर ठेवली. "हात चांगला आहे," म्हणाला आणि गेला. कोटाचं नावही काढलं नाही.

मावशींनी दार लावलं. मग जे काय हसू फुटलं सगळ्यांना! दुपारचे डबे पाच वाजता खाल्ले. काजवालीने माझ्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले. इतकं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सकाळी झाडताना काजवालीला टेबलाखाली ती चिंधी सापडली. तिने उलटून पाहिली आणि माझ्यापुढे धरली. 

गाठ सुलटी आहे.

त्याच्यासमोर हात आपल्या सवयीने गेला. त्याने उजेडात धरून पाहिलं होतं. सातव्या कोटावरचं काज माझं नव्हे, हे त्याला कालच कळलंय.

ग्रुपमध्ये तो अजून आहे. काही लिहीत नाही. संस्थेच्या बाईंची गाडी निघाली आहे, दीड तास लागेल म्हणाल्या. शटर आतून ओढलंय. मावशींनी इस्त्री तापवून दाराशी ठेवलीय. मालकीणबाई चौकीचा नंबर फिरवताहेत, लागेपर्यंत फिरवणार आहेत. मी घरी जा म्हणाले सगळ्यांना. कुणीच गेलं नाही.